ऊन मिळणेबाबत

सोलापुरात ऊन मिळावं म्हणून अर्ज करणारी बाई आजवर एकच झाली. तिचं नाव मायाक्का. अर्ज लिहून देणाऱ्या कारकुनाने तिला दोनदा विचारलं, "बाई, सावली म्हणायचंय का तुम्हाला?" मायाक्का म्हणाली, "सावली न्हाय. ऊन. ऊनच लिवा." कारकुनाने टाक शाईत बुडवला, थोडा वेळ तसाच हवेत धरला आणि मग वर विषय लिहिला: ऊन मिळणेबाबत. मार्शल लॉ उठून तीन वर्षं झाली होती आणि महिना वैशाखाचा होता. बाहेर रस्त्यावरची कुत्री गटारात उतरून बसली होती.

मायाक्का म्हणजे बिरप्पा धनगराची बायको. बिरप्पा घरातल्या मागावर घोंगड्या विणायचा आणि गप्प बसायचा. ही दोन्ही कामं तो उत्तम करी. बाकीची सगळी कामं मायाक्काची. लोकर पिंजायची, सूत काढायचं, चिंचोके भाजून, भिजवून, वाटून त्यांची खळ शिजवायची, आणि ती खळ घोंगडीच्या ताण्याला, म्हणजे उभ्या सुतांना, लावायची. खळ लावल्याशिवाय लोकरीचं सूत मागावर टिकत नाही, पटापट तुटतं. त्यासाठी वीस हात लांबीचा ताणा दोन्ही बाजूंना खुंट ठोकून ओढून धरावा लागतो, त्यावर कुंच्याने खळ फिरवावी लागते, आणि मग सकाळच्या नऊपासून दुपारच्या तीनपर्यंत त्याला कडक ऊन लागतं. ऊन कमी पडलं तर खळ आंबते, सूत सुताला चिकटतं आणि जी घोंगडी होते तिच्यावर मेंढरूसुद्धा बसणार नाही. मेंढराचीच लोकर असली तरी.

वीस हात मोकळी जागा आणि दिवसभराचं ऊन, या दोन गोष्टी घरात सापडत नाहीत. त्या लोकरीच्या पटांगणात होत्या. हे पटांगण भर बाजारपेठेत, चारी बाजूंनी दुकानांच्या मधे. सकाळी तिथे भाजी बसे, संध्याकाळी कुणीतरी व्याख्यान देई, अधूनमधून बैलांची देवघेव होई, आणि या सगळ्याच्या मधे मायाक्काच्या सासूने ठोकलेले बाभळीचे दोन खुंट होते. व्याख्याता कितीही मोठा असला तरी त्या खुंटांना वळसा घालूनच पुढे जाई, कारण न घातला तर पडे.

चांगली लोकर दिवाळीनंतरच्या कातरणीची. त्यामुळे खळीचं खरं काम कार्तिकापासून माघापर्यंत चाले. या दिवसांत मायाक्काला पटांगणात एक सोबत असायची, ती चंद्रव्वाची.

चंद्रव्वा ही कापसाच्या एका बऱ्या व्यापाऱ्याची विधवा. तिचं घर पटांगणाला लागूनच्या बोळात. थंडी पडली की तिचे गुडघे धरायचे, डावा जास्त. मग ती पूजा उरकून, कपाळाला विभूती लावून, काठी टेकत पटांगणात यायची. मायाक्का ताण्याच्या बाजूला एक जुनी घोंगडी तिच्यासाठी अंथरून ठेवी. चंद्रव्वा वहाणा बाहेर काढी, कारण घोंगडीवर पायताण घालून पाय ठेवत नाहीत, मग डाव्या गुडघ्यावर हात दाबून "शिवा, शिवा" म्हणत बसे आणि उन्हाकडे पाठ करी. मायाक्काचं माहेर दुधनीकडचं, त्यामुळे तिला कानडी यायचं. चंद्रव्वाला मराठी यायचं. तरी चंद्रव्वा कानडीत बोले आणि मायाक्का मराठीत उत्तर देई, आणि तीस वर्षं हे असं चाललं होतं. दोघींना एकमेकींच्या घरातली ठाऊक नाही अशी एकही गोष्ट नव्हती.

चंद्रव्वाला मुलगा एकच, गुरुबसप्पा. माणूस वाईट नव्हता. तो एकदा कापसाच्या कामासाठी मुंबईला गेला, तिथे त्याने आठ दिवस मान वर करून इमारती पाहिल्या, आणि मान आखडून परत आला. मान चार दिवसांत मोकळी झाली. इमारत डोक्यात राहिली. लोकरीच्या पटांगणाचा दक्षिणेकडचा भाग भाडेपट्ट्याने घेऊन तिथे चार मजली इमारत बांधायची, खाली दुकानं, वर पेढ्या, त्याच्या वर वकील आणि सगळ्यात वर हवा खायची गच्ची, असा त्याने नकाशा काढून घेतला. तोवर, गिरण्यांच्या चिमण्या सोडल्या तर, त्या पेठेत दुमजलीच्या वर काही नव्हतं.

पटांगणाचा कारभार पेठेतली बाजार-सुधार कमिटी बघायची. कमिटीत पाच जण होते. स्थापनेपासून त्यांनी बाजारात दोन सुधारणा केल्या होत्या: एक कंदिलाचा खांब आणि 'येथे घाण करू नये' अशी एक पाटी. चार मजली इमारत ही तिसरी सुधारणा होणार, म्हणून कमिटी उत्साहात होती. नोटीस लागली. पटांगणाचा तिसरा हिस्सा इमारतीला जाईल, बाकीचं पंचेचाळीस हात पटांगण जनतेला जसंच्या तसं राहील, कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी.

हरकत एकच आली. ती तुम्हाला माहीत आहे.

अर्ज देण्याच्या आधी मायाक्का चंद्रव्वाकडे गेली होती. मागच्या दाराने नाही, पुढच्या. ती म्हणाली, "आव्वा, तुमच्या पोराच्या इमारतीला मी हरकत घेनार हाय. चोरून न्हाय, सांगून घेनार."

चंद्रव्वा म्हणाली, "घे, यव्वा. माझं तर तो ऐकत नाही. चार मजले कशाला, म्हटलं. तर म्हणतो, शहर वाढतंय. मी म्हटलं, वाढू दे की, आडवं वाढू दे."

कमिटीने हरकतीची दखल घेतली. कमिटीकडे एक ओव्हरसियर होता. त्याने कळकाला कळक बांधून बरोबर इमारतीच्या उंचीचा, पस्तीस हातांचा खांब तयार केला आणि जिथे इमारतीची उत्तरेकडची भिंत येणार तिथे उभा केला. मग पाचही सभासद पाहणीला आले. वैशाखाच्या उत्तरार्धात, डोक्यावर छत्र्या धरून, दुपारी बारा वाजता. सगळ्यांना त्यानंतर जेवायचं होतं.

आता सोलापूरच्या उन्हाची एक खोड आहे. वैशाखात एक-दोन दिवस असे येतात की भर दुपारी सूर्य थेट टाळूवर असतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखाली जाते. नेमका तो दिवस होता. ओव्हरसियरने फीत काढली, खांबाभोवती एक चक्कर मारली, दुसरी मारली, मग खाली वाकून बघितलं. सावली नव्हती. पस्तीस हातांच्या खांबाला वीतभरही सावली नव्हती.

"कुठे आहे तुमची सावली?" अध्यक्षांनी मायाक्काला विचारलं.

"आज न्हाय, सायब. पौषात या. सकाळच्याला या."

"बाई, अर्ज वैशाखात करायचा आणि सावली पौषात दाखवायची, असं कसं चालेल?"

ओव्हरसियरने रकान्यात लिहिलं, 'सावली: निरंक', आणि कमिटी जेवायला गेली.

मायाक्काला राग आला. तो राग ओरडण्याचा नव्हता, कामाचा होता. घरी येऊन तिने बिरप्पाला सगळं सांगितलं. बिरप्पाने माग थांबवला, विचार केला आणि म्हणाला, "खांब काडला का?"

"न्हाय. तसाच हाय."

"मग बरं," बिरप्पा म्हणाला, आणि माग पुन्हा सुरू केला. त्या वर्षातलं ते त्याचं मोठं भाषण म्हणायचं.

खांब काढायचा हुकूम कुणी दिला नव्हता, म्हणून तो उभाच होता. मायाक्काने चुन्यात बुडवलेले दगड तयार केले. दर पौर्णिमेला गिरणीचा दुपारचा भोंगा झाला की ती खांबाची सावली जिथे संपेल तिथे एक दगड पुरून येई. ज्येष्ठात सावली उलटी, दक्षिणेकडेच गेली. श्रावणाच्या सुमारास ती परत पायाशी आली. मग भाद्रपद, आश्विन, कार्तिक, एकेक दगड उत्तरेला सरकत चालला. भाजीवाल्या बायकांना वाटलं, बाई नवस फेडते आहे. दोघी-तिघींनी दगडांना हळदकुंकू वाहिलं. मायाक्काने वाहू दिलं, कारण त्यामुळे दगड कुणी हलवले नाहीत.

मधल्या काळात तिने आणखी तीन अर्ज केले, त्याच विषयाचे. कारकून आता न विचारता लिहायला लागला होता. शेवटी पौषात कमिटी आली. या वेळी छत्र्यांऐवजी मफलर होते. सकाळचे नऊ वाजले होते, आणि खांबाची सावली पटांगण ओलांडून, पलीकडच्या रस्त्यावर उतरली होती. मायाक्काने कमिटीला दुपारच्या भोंग्यापर्यंत थांबवून घेतलं. चंद्रव्वाने घरून सगळ्यांना चुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा पाठवला, म्हणून ते थांबले. मग मायाक्काने त्यांना एकेका दगडापाशी नेलं. ह्यो कार्तिक, ह्यो मार्गशीर्ष, ह्यो पौष. ओव्हरसियरने फीत लावली. दुपारच्या बारालाही सावली तीस हात भरली.

"पंचेचाळीसातले तीस," मायाक्का म्हणाली. "आन त्ये बी दुपारी. सकाळच्याला तर समदंच. खळ वाळवायची कुटं मी? सांगा."

ओव्हरसियरने मायाक्काला नमस्कार केला. एवढी व्यवस्थित मोजणी त्याने स्वतः कधी केली नव्हती आणि तसं तो बोललाही. मायाक्काला वाटलं, झालं. चंद्रव्वाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या दुपारी दोघी एकाच घोंगडीवर बसल्या आणि मायाक्काने बऱ्याच दिवसांनी पान खाल्लं.

आठ दिवसांनी ठराव आला. कारकुनाने तो तिला वाचून दाखवला. अर्जदार बाईंनी मोठ्या कष्टाने केलेल्या मोजणीवरून कमिटीची अशी खात्री झाली आहे की, सदर इमारतीमुळे पटांगणात तीस हात सावली पडेल. सोलापूरची हवा अत्यंत उष्ण असून पटांगणात आज एकही झाड नाही. सबब इमारतीमुळे जनतेस सावलीची विनामूल्य सोय होणार असल्याने परवानगी देण्यात येते. अर्जदार बाईंचे आभार.

"आभार लिहिलेत?" मायाक्काने विचारलं.

"लिहिलेत."

"कुटं?"

कारकुनाने बोट ठेवून दाखवलं. मायाक्काने ती जागा बघून घेतली. तिला वाचता येत नव्हतं, पण आभार कसे दिसतात ते तिला बघायचं होतं.

भाजीवाल्या बायका खूश झाल्या. एकीने तिला चुका-चाकवताची जुडी आणून दिली, म्हणाली, "तुमच्यामुळं सावली झाली, मायाक्का." आणि त्या बाईचं चुकत नव्हतं. चैत्र-वैशाखात भाजी दुपारपर्यंत माना टाकायची, तिला सावली हवीच होती. मायाक्काला हे कळत होतं आणि म्हणूनच तिला जास्त त्रास झाला. सगळ्या गावाला सावली हवी आणि आपल्या एकटीला ऊन हवं, तर गावाला वेडं म्हणणार कसं? त्या संध्याकाळी ती खुंटापाशी बसून रडली. चुका-चाकवताची भाजी मात्र तिने केली. दोन दिवस पुरली.

इमारत चढू लागली. गुरुबसप्पा हौशी असला तरी उधळ्या नव्हता. कापसाचा हंगाम झाला की एक मजला, असा त्याचा हिशेब. पहिल्या वर्षी पहिला मजला झाला आणि सावली भिंतीपासून थोडी पुढे आली. मायाक्काने सासूचे खुंट उपटले आणि उत्तरेला पंधरा हात सरकवून पुन्हा ठोकले. चंद्रव्वाची घोंगडीही सरकली. दुसऱ्या वर्षी दुसरा मजला, पुन्हा खुंट उपटले, पुन्हा घोंगडी सरकली. दुपार कलली की सावली परत अंगावर यायची. मग चंद्रव्वा उठायची नाही, उठणं तिच्या जिवावर यायचं. मायाक्का म्हणायची, "सरका, आव्वा," आणि घोंगडीचं टोक धरून चंद्रव्वासकट वीतभर उन्हात ओढायची. चंद्रव्वा तेवढ्यापुरती काठी उचलून धरी.

तिसऱ्या मजल्यानंतर हिवाळ्यात पटांगणाच्या उत्तर कडेला सात-आठ हातांची उन्हाची पट्टी तेवढी उरली. ताणा पूर्व-पश्चिम ओढला तर बरोबर मावायचा. त्याच्या पलीकडे गटार, गटारापलीकडे रस्ता आणि रस्त्यापलीकडे रेवणसिद्धचा कट्टा.

रेवणसिद्ध हा गुरुबसप्पाचा चुलतभाऊ. त्याचंही कापसाचंच दुकान. दोघांच्या वडिलांचं एका भिंतीवरून बिनसलं होतं. भिंत नंतर पडली, पण दोघा घरांनी बोलणं सुरू केलं नाही. लग्नकार्यात समोरासमोर आले तर दोघं लग्न लावणाऱ्या जंगमस्वामींशी बोलायचे.

गुरुबसप्पाला आपली आई गटाराच्या काठाला बसते हे आवडत नव्हतं. तो म्हणाला, "अव्वा, एवढी गच्ची बांधलीय. वर दिवसभर ऊन. माणसं लावून नेतो तुला." एक दिवस खरंच दोन हमालांनी तिला खुर्चीत बसवून तीन मजले वर नेलं. मायाक्का खालून बघत होती. तिच्या मनात आलं, आव्वाला वर बरं वाटलं तर आता आपण एकट्या. तिला त्याची लाज वाटली, पण आलं मनात.

तासाभरात हमाल खुर्ची घेऊन खाली आले. चंद्रव्वा घोंगडीवर बसली आणि कानडीत म्हणाली, "वर मी आणि देव, दोघंच. देव काही बोलत नाही."

"तुमी काय बोललासा त्येला?"

"म्हटलं, मला खाली ने."

गुरुबसप्पाने मायाक्कालाही गच्ची देऊ केली होती, हे सांगितलं पाहिजे. तिने जाऊन बघितली. ऊन भरपूर होतं. पण खळ लावलेला ओला ताणा खुंटावरून काढून जिन्याने नेता येत नाही, आणि चुन्याच्या गच्चीत खुंट ठोकता येत नाही. तिने एकदा ठोकायला घेतला तेव्हा खालच्या वकिलाच्या टेबलावर पोपडे पडले.

चौथ्या वर्षी, कार्तिकात, चौथ्या मजल्याचं सामान येऊन पडलं. तिसऱ्या मजल्यावरून लोखंडी सळ्या वर निघाल्या होत्या, त्यांना पुढचं काम जोडायचं होतं. मायाक्काने आपला हिशेब केला. चौथा मजला चढला की सकाळचं ऊन पटांगणात कुठेच नाही. ते थेट रेवणसिद्धच्या कट्ट्यावर. मग बिरप्पाचा माग बंद, आणि पन्नाशीला आलेल्या दोघांनी गिरणीच्या दारात उभं राहायचं.

तिने चंद्रव्वाला हे सांगितलं. चंद्रव्वा म्हणाली, "मग मी कुठे बसू?"

"ऊन तितं, आव्वा. रेवणसिद्धआण्णाच्या कट्ट्यावर."

हे मायाक्का मुद्दाम बोलली का? कुणी विचारलं असतं तर तिने नाही म्हणून सांगितलं असतं. पण रस्ता एवढा रुंद नव्हता आणि ती हळू बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी रेवणसिद्धच्या कट्ट्यावर एक नवं बाकडं आलं. त्यावर गादी होती, गादीला खोळ होती आणि टेकायला तक्क्या होता. रेवणसिद्धने चौदा वर्षांत पहिल्यांदा रस्त्यापलीकडे हाक दिली, "काकव्वा, या की. ऊन चांगलं हाय हितं."

चंद्रव्वाने काठी उचलली. गटारावरच्या फरशीपर्यंत ती गेली आणि तिथे उभी राहिली, इमारतीच्या मुकादमाला नीट दिसेल अशी.

गुरुबसप्पाला बातमी पेढीवर पोचली. तो जेवण टाकून आला. आई फरशीवर, पलीकडे गादी, गादीच्या शेजारी हात जोडून उभा असलेला रेवणसिद्ध, आणि दोन्ही बाजूंच्या दुकानांतून बघणारी पेठ. त्याने आईला हाताला धरून परत घोंगडीपर्यंत आणलं आणि मुकादमाला म्हणाला, "काम थांबवा." मुकादमाने विचारलं, "किती दिवस?" गुरुबसप्पाने आईच्या गुडघ्यांकडे बघितलं. "सध्या थांबवा," तो म्हणाला.

तो हिवाळा दोघींनी उन्हात काढला. पुढचाही काढला.

त्यानंतरच्या चैत्रात चंद्रव्वा गेली. फार आजारी पडली नाही. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे तिला बसवून पुरलं. मायाक्का बाकीच्या बायकांबरोबर लांब उभी होती. मांडी घालून बसवलं असेल तर डावा गुडघा मुडपला असेल, हेच तिच्या डोक्यात फिरत राहिलं. दुखलं असेल. आणि खाली ऊन नाही. घरी आल्यावर तिने बिरप्पाला हे सांगितलं. बिरप्पाने माग त्या दिवशी सुरूच केला नव्हता. तो म्हणाला, "दुकत न्हाय आता." मायाक्का म्हणाली, "तुला काय म्हाईत?" आणि पदर तोंडावर घेतला.

दिवाळी झाली. विटा आल्या, चुना आला, गवंडी आले. मुकादमाने सळ्यांवरचा गंज खरवडून काढला. आता अडवणारं कुणी नव्हतं आणि मायाक्कालाही ते ठाऊक होतं. अर्ज करायचं तिच्या मनात आलं नाही. आभार एकदा मिळाले होते तेवढे पुरे होते.

ती रोजच्यासारखी पटांगणात आली. ताणा ओढला. खळीचं मडकं ठेवलं. मग चंद्रव्वाची घोंगडी काढली, झटकली आणि ताण्याच्या बाजूला, जिथपर्यंत ऊन येतं तिथे अंथरली. त्यावर कुणी बसलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंथरली. भाजीवाल्या बायका तिकडे बघायच्या आणि बघितलं नाही असं करायच्या. मायाक्काला खरंच चंद्रव्वाची आठवण येत होती. आणि गुरुबसप्पा पेढीवर जाताना याच वाटेने जातो हेही तिला माहीत होतं. या दोन गोष्टी तिच्यात शेजारी शेजारी होत्या, आणि त्यांतली एक खोटी आहे असं तिला वाटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गुरुबसप्पा मुकादमाला घेऊन आला. घोंगडी बघून तो थांबला.

"मायाक्का, हे कुणासाठी?"

"कुनासाठी न्हाय, अप्पा."

"अव्वा जाऊन सात महिने झाले."

"मला म्हाईत न्हाय व्हय त्ये?" मायाक्काचा आवाज चढला. कुंच्यावरची खळ तिच्या पायावर ठिबकली. "हितवर ऊन येतंय. तुमच्या आईचं ऊन हाय ह्ये. तुमचा मजला चढंल, हितं सावली पडंल, तवा मी ह्ये घोंगडं उचलीन. त्याआदी न्हाय उचलायची. चढवा की. मी काय हात धरलाय तुमचा?"

मुकादम विटांकडे बघू लागला. गुरुबसप्पा घोंगडीच्या कडेला उभा होता. त्याच्या पायात मुंबईचे काळे पंपशू होते. मग त्याने एक पंपशू काढला, मग दुसरा, आणि ते जोडीने घोंगडीच्या बाहेर ठेवले. त्याने डाव्या गुडघ्यावर हात दाबला, "शिवा, शिवा" म्हणाला आणि हळूहळू खाली बसला.

मायाक्का बघत राहिली. हे बसणं ती तीसहून जास्त वर्षं बघत आली होती. गुडघासुद्धा तोच.

"कवापासनं धरलाय?" तिने विचारलं.

"दोन वर्षं झाली," गुरुबसप्पा म्हणाला. "कुणाला सांगितलं नाही." त्याने उन्हाकडे पाठ केली आणि डोळे मिटले. रस्त्यापलीकडे रेवणसिद्धचं बाकडं अजून तिथेच होतं, गादीसकट.

मुकादमाने वर गवंड्यांकडे बघितलं. मग म्हणाला, "मालक, वर माणसं खोळंबलीत. सुरू करू का?"

गुरुबसप्पाने डोळे उघडले नाहीत. "संक्रांत होऊ दे," तो म्हणाला.

मायाक्काने कुंचा मडक्यात बुडवला आणि ताण्यावर फिरवायला घेतला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत. वर सळ्यांवर दोन कावळे येऊन बसले. तीन वाजायला आले तशी तिसऱ्या मजल्याची सावली घोंगडीच्या कडेवर आली, मग गुरुबसप्पाच्या पाठीवर चढली. त्याने अंग आखडून घेतलं.

मायाक्काने कुंचा खाली ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि घोंगडीचं टोक धरलं.

"सरका, अप्पा," ती म्हणाली, आणि त्याच्यासकट घोंगडी वीतभर उन्हात ओढली.